विषय सुतारकामापुरता नाही
लाकूड व नैसर्गिक तंतूंचे तंत्रज्ञान हा फर्निचरच्या धंद्यात जाऊ पाहणाऱ्यांचा अभ्यासक्रम आहे, हा या विषयावरील तुमच्या लेखातील सूर मला पटला नाही. पावसाळ्यात चौकटीत अडकणारे दार सुतार रंधा मारून मोकळे करतो, पण उन्हाळ्यात त्याच दाराला फट का पडते, याचे उत्तर या विषयाच्या पायाशीच आहे. लाकडातील ओलावा साधारण ३० टक्क्यांखाली उतरला की पेशीभित्तिकांमधले (पेशींच्या भिंतींतले) पाणी जाऊ लागते आणि लाकूड आकसते, तेही सर्व दिशांना सारखे नव्हे: खोडातील वाढीच्या वलयांच्या कडेकडेने ते जेवढे आकसते, त्याच्या ढोबळमानाने निम्मेच गाभ्यापासून सालीकडे आकसते, आणि लांबीत तर जवळजवळ नाहीच. फळी बाक धरते ती यामुळे. (सुताराला दोष देण्यापूर्वी एवढे ठाऊक असावे.) तंतूंचेही असेच: काथ्यात लिग्निनचे (पेशीभित्तिकांना कठीणपणा देणाऱ्या घटकाचे) प्रमाण तागापेक्षा कितीतरी अधिक असल्याने तो ओलाव्यात लवकर कुजत नाही, म्हणून दोरखंडांपासून उतारावरची माती धरणाऱ्या जाळ्यांपर्यंत तो चालतो. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काष्ठविज्ञानात एम.एस्सी. करता येते, रसायनशास्त्र किंवा भौतिकशास्त्र आवडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी लेखात त्याचा उल्लेख हवा होता.