लिफ्ट बंद, सोहळा चालू

पुन्हा तेच! विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचा विविधता आणि समावेशकतेचा कार्यक्रम, सभागृह दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. व्हीलचेअर वापरणारी माझी मैत्रीण खालीच अडकली. वर सांकेतिक भाषेचा दुभाषी नाही, पडद्यावर सबटायटल नाहीत. जगात सुमारे १३० कोटी लोक, म्हणजे दर सहांतला एक जण, लक्षणीय अपंगत्वासह जगतो, हे याच विभागात शिकवतात ना? वंश, धर्म, आर्थिक स्थिती काहीही असो, उत्तम आरोग्य हा प्रत्येकाचा मूलभूत हक्क, असं जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४८पासून सांगतेय! दरवर्षी अभिप्रायाच्या फॉर्मवर मी हेच लिहिते. अहो, ज्यांच्याबद्दल बोलणार त्यांना नियोजनाच्या पहिल्या बैठकीलाच बोलवा. फोटो नंतर काढा. आधी ती लिफ्ट दुरुस्त करा!