‘बुडालेल्या पाणबुडीतून कुणी वाचत नाही’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

साताऱ्यातल्या माजी सैनिकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: पाणबुडी बुडाली की आतलं कुणी वाचत नाही. तरीही ‘पाणबुडी बचाव’ नावाने परदेशी नौदलांना बोलावून परिषदा भरवायच्या, आपली गुपितं त्यांच्यापुढे उघडी करायची आणि पैसा उधळायचा. आपल्याकडे स्वतःचं बचावयान असताना हे पाहुणे कशाला?

अपशिंगे मिलिटरीसारखं सैनिकांचं गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे तरी हा मजकूर शहानिशा न करता पुढे जायला नको होता. आपल्याकडे फौज म्हटलं की पायदळच डोळ्यांपुढे येतं, पण इथली पोरं नौदलातही आहेत, आणि त्यांच्या आयांच्या हातातही फोन आहेत.

पहिलं वाक्यच खोटं आहे. २३ मे १९३९ रोजी अमेरिकेची ‘स्क्वालस’ ही पाणबुडी सुमारे ७४ मीटर खोल तळाला गेली. मागच्या भागात पाणी शिरून २६ जण गेले, पण उरलेल्या ३३ जणांना घंटेच्या आकाराची पोलादी कोठी खाली सोडून, चार फेऱ्यांत जिवंत वर काढलं. आजची बचावयानं त्याच तत्त्वावर चालतात. यान पाणबुडीच्या हॅचवर, म्हणजे आत-बाहेर करायच्या झाकणावर बसतं, मधल्या पोकळीतलं पाणी बाहेर काढलं जातं, आणि मग समुद्राचा दाबच यानाला हॅचवर घट्ट धरून ठेवतो. १०० मीटर खोलीवर हा दाब चौरस मीटरमागे सुमारे १०० टन भरतो. पोकळी कोरडी झाली की हॅच उघडायचं आणि माणसं वर घ्यायची. कुणी पाण्यात भिजतही नाही.

त्या वाक्यात एवढंच खरं आहे. समुद्र फार खोल असेल तर पाणबुडीचं कवचच चिरडतं, आणि मग कुणाचाच इलाज चालत नाही. २०१७ मध्ये अर्जेंटिनाच्या ‘सान हुआन’वरचे ४४ आणि २०२१ मध्ये इंडोनेशियाच्या ‘नांगाला’वरचे ५३ जण असेच गेले. ‘नांगाला’साठी आपल्या नौदलाने विशाखापट्टणमहून बचावयान रवाना केलं होतं, पण ती ८३८ मीटर खोल, तुकडे झालेल्या अवस्थेत सापडली. मात्र सगळे अपघात एवढ्या खोलीवर होत नाहीत. रशियाची ‘कुर्स्क’ १०८ मीटरवर होती. आपल्या कोयना धरणाची उंची १०३ मीटर आहे, म्हणजे जवळपास तेवढंच पाणी डोक्यावर.

परिषदा कशाला, याचं उत्तर ‘कुर्स्क’मध्येच आहे. १२ ऑगस्ट २००० रोजी ती बुडाली, ११८ जण गेले. स्फोटांनंतरही मागच्या कप्प्यात २३ जण जिवंत होते. रशियाचं स्वतःचं बचावयान हॅचवर बसेना, आणि परदेशी मदत घ्यायला सरकारने चार दिवस घेतले. शेवटी नॉर्वेच्या गोताखोरांनी २१ तारखेला हॅच उघडलं. मदत लवकर आली असती तर ते २३ वाचलेच असते असं मी म्हणणार नाही. आतल्या आगीने ते बहुधा काही तासांतच गेले होते. पण ते चार दिवस बघून जगभरची नौदलं हादरली, आणि २००३ मध्ये ‘इस्मर्लो’ हे आंतरराष्ट्रीय समन्वय कार्यालय सुरू झालं.

पुढे ऑगस्ट २००५ मध्ये कामचाटकाजवळ रशियाचंच एक छोटं यान १९० मीटरवर जाळ्यांत आणि केबलींत अडकलं. आत सात माणसं होती. या वेळी रशियाने लगेच हाक दिली. ब्रिटनने ‘स्कॉर्पिओ’ हा यांत्रिक रोबो विमानाने पोहोचवला, त्याने केबली कापल्या आणि सातही जण जिवंत वर आले. देश तोच, समुद्र तितकाच थंड. या वेळी हाक वेळेवर दिली गेली आणि ती ऐकणारे तयार होते.

ही तयारीच अशा परिषदांत होते. अवजड बचावयान उचलणारी क्रेन कोणत्या बंदरात आहे, ते कोणत्या जहाजाच्या डेकवर बसेल, विमानाला परवानगी कोण देणार, कस्टममध्ये सामान अडकणार नाही ना, वर आलेल्या माणसांसाठी दाब हळूहळू उतरवणाऱ्या टाक्या किती. अडकलेल्या पाणबुडीत ऑक्सिजन संपण्याआधी कार्बन डायऑक्साइड साचून माणसं बेशुद्ध पडू शकतात. अशा वेळी कुणाला फोन करायचा ते शोधत बसायला सवड कुठे असते? यजमान देशाला तर आपली बंदरं आणि आपली यंत्रणा समोर ठेवून, प्रत्यक्ष दाखवून या गोष्टी ठरवता येतात.

गुपितांबद्दल. बचावासाठी लागते ती हॅचच्या कड्याची माहिती: माप, जागा, किती वजन पेलेल. हॅच पाणबुडीच्या पाठीवर असतं, धक्क्यावरूनही दिसतं. पाणबुडीचा आवाज, सोनार (आवाजावरून शोध घेणारी यंत्रणा), टॉर्पेडो यांचा इथे संबंध नाही. २०११ मध्ये स्पेनजवळ नाटोच्या बचाव सरावात रशियाची ‘अल्रोसा’ पाणबुडी उतरली होती, आणि ती आपल्या सिंधुघोष वर्गाच्या पाणबुड्यांच्याच कुळातली. गुपितांची धास्ती रशिया आणि नाटोपेक्षा जास्त कुणाला असणार?

‘स्वतःचं यान आहे’ हे खरं आहे, आणि त्याचा मला अभिमानही आहे. एक मुंबईला, एक विशाखापट्टणमला, ६५० मीटरपर्यंत जाणारी. जुलै २०२५ मध्ये त्यांच्यासाठीचं ‘निस्तार’ जहाजही नौदलात आलं. पण आपली पाणबुडी दूरच्या समुद्रात अडकली तर सगळ्यात जवळचं यान दुसऱ्या देशाचं असू शकतं. सिंगापूरशी २०२१ मध्ये पाणबुडी बचावाचा करार केला तो याचसाठी.

खर्चाचा आकडा मेसेजमध्ये नाही, त्यामुळे त्यावर बोलण्यासारखंही काही नाही.

ज्यांनी हा मेसेज पुढे पाठवला त्यांनी निदान त्याचं पहिलं वाक्य ग्रुपवर जाहीरपणे मागे घ्यावं, ही विनंती. ज्या घरातलं पोरगं पाणबुडीवर आहे, त्या घराने ते वाचलेलं आहे. बाकी मुद्द्यांवर पोवई नाक्यावर बसून कधीही बोलू, मी तयार आहे.