घरपट्टीचा मेसेज बरोबर पोचतो

आज दुपारी मावशीचा फोन आला. "अगं, काकांच्या मोबाईलवर महापालिकेचा मेसेज आलाय, जरा बघतेस का काय म्हणतायत?" काकांचं सिम तिनं अजून चालू ठेवलंय. मेसेज घरपट्टीचा होता. नाव बरोबर, मिळकत क्रमांक बरोबर, रक्कम बरोबर. अमुक तारखेच्या आत भरली तर सवलत, नाही तर शास्ती.

काका २०२१च्या एप्रिलमध्ये कोविडनं गेले. मृत्यूचा दाखला याच महापालिकेनं दिलाय.

कर भरायचा असतो, भरू. त्याबद्दल तक्रार नाही. पण मेसेज वाचल्यापासून डोकं शांत होत नाहीये, कारण हा नंबर यांच्याकडे तेव्हाही होता. काका पॉझिटिव्ह आले त्या दिवशी दारावर स्टिकर लागला. फवारणीवाले आले. रोज फोन यायचा, ताप किती, ऑक्सिजन किती, घरात माणसं किती. काका गेल्यावर स्मशानभूमीतल्या रजिस्टरमध्ये नाव, वय, पत्ता, आधार नंबर आणि मावसभावाचा मोबाईल नंबर, सगळं लिहून घेतलं. अंत्यविधी महापालिकेच्याच माणसांनी केला. म्हणजे या घरातला कमावता माणूस गेला आणि मागे बायको आणि कॉलेजातला मुलगा राहिला, हे महापालिकेला आम्हा नातेवाइकांइतकंच ठाऊक होतं. त्यानंतर मात्र कुणी फिरकलं नाही.

कोविडनं गेलेल्यांच्या घरच्यांना ५०,००० रुपयांचं सानुग्रह सहाय्य द्यायचं ठरलं. सुप्रीम कोर्टानं ४ ऑक्टोबर २०२१ला त्यावर शिक्कामोर्तब केलं, डिसेंबरात आपल्या राज्याचं पोर्टल सुरू झालं. मावशीला कुणी सांगितलं? कुणीही नाही. मी पेपरात बातमी वाचली म्हणून तिला कळलं. मी वाचली नसती तर? हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता आणि आज पुन्हा पडलाय.

ती आधी वॉर्ड ऑफिसला गेली. एकटीच गेली, मला त्रास नको म्हणून. कॅरीबॅगमध्ये सगळे कागद: आरटीपीसीआरचा रिपोर्ट, हॉस्पिटलचं बिल, दाखला, दोघांची आधार कार्डं, बँकेचं पासबुक. खिडकीवरच्या माणसानं कागद हातातही घेतले नाहीत. "ऑनलाईन आहे, साईटवर टाका." मावशी सातवी शिकलेली. साईटवर टाका म्हणजे काय, हे तिनं घरी येऊन मला विचारलं. त्या खिडकीवर विचारायची तिला भीती वाटली. साठीकडे झुकलेल्या बाईला, नवरा जाऊन वर्षही झालेलं नसताना, स्वतःच्या गावातल्या सरकारी कचेरीत प्रश्न विचारायची भीती वाटते. हे मला सहन होत नाही.

मग मी अर्ज भरला. तो परत आला, कारण लॅबच्या रिपोर्टवर काकांच्या नावात इंग्रजी 'ए' एक जास्त होता. पुन्हा भरला. शेवटी पैसे आले, थेट तिच्या खात्यात आले, मधे कुणी हात ओला केला नाही, हेही सांगायला हवं. त्या पैशातून मावसभावाची फी भरली गेली. म्हणजे योजना खोटी नव्हती. म्हणूनच जास्त लागतं.

तुमच्यातले काही म्हणतील की त्या काळात महापालिकेची माणसंही राबली, त्यांच्यातलीही गेली. मान्य. सफाई कामगार, नर्स, स्मशानातले कर्मचारी यांच्याबद्दल माझ्या तोंडून वाईट शब्द निघणार नाही. मुंबईत २४ वॉर्डांत २४ वॉररूम चालल्या, रिपोर्ट आधी वॉर्डात जायचा आणि तिथून रुग्णाला फोन यायचा, हेही मला माहीत आहे. पण मग तेच तर म्हणतेय ना मी! माणूस जिवंत असताना फोन करता येत होता, मग तो गेल्यावर त्याच नंबरवर एक फोन का करता आला नाही? मास्क नाही म्हणून ५०० रुपयांची पावती फाडायला चौकाचौकात माणसं उभी होती. हक्काचे ५०,००० सांगायला एक माणूस नव्हता?

एकच बाई आली होती. त्या भागातली आशाताई. काका गेल्यानंतर आठवड्याभरानं दारात उभी राहून तिनं मावशीला विचारलं, "जेवताय ना नीट? बीपीची गोळी चालू आहे ना?" तिला वरून कुणी पाठवलं नव्हतं. पुढे अर्ज सुरू झाल्याचं तिलाही कुणी कळवलं नव्हतं, नाही तर ती गल्लीतल्या प्रत्येक घरी सांगून आली असती याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. याच आशाताईंना २०२१च्या जूनमध्ये मानधनासाठी संपावर जावं लागलं. ज्यांना लोकांची दारं माहीत आहेत त्यांच्या हातात माहिती द्यायची नाही आणि धड पैसेही द्यायचे नाहीत. आजही मावशी तिला सणाला डबा पाठवते.

आता खरी गोष्ट सांगते, जिच्यामुळे मी हे लिहायला बसले. मावशीच्या मागच्या गल्लीत एक बाई राहतात, धुणीभांडी करतात. त्यांचा नवरा त्याच महिन्यात गेला. अँटिजेन टेस्ट पॉझिटिव्ह होती, पण हॉस्पिटलच्या कागदावर मृत्यूचं कारण न्यूमोनिया लिहिलं. त्यांना कुणीतरी सांगितलं, कागदावर कोविड नाही, तुम्हाला काही मिळणार नाही. त्यांनी विश्वास ठेवला. आणि कोर्टानं तर ४ ऑक्टोबरच्याच आदेशात स्पष्ट म्हटलं होतं की दाखल्यावर कोविड लिहिलेलं नाही एवढ्याच कारणानं कुणाला नाकारू नका. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यापासून ३० दिवसांच्या आतला मृत्यू धरायचा होता, मग तो हॉस्पिटलबाहेर झालेला का असेना. वाद असेल तर जिल्ह्यात तक्रार निवारण समिती होती. हे सगळं कागदावर होतं आणि त्या बाईपर्यंत यातलं एक अक्षर पोचलं नाही.

मग मार्च २०२२मध्ये मुदत ठरली. जुन्या मृत्यूंसाठी ६० दिवस. मे महिन्यात ती संपलीसुद्धा. त्यांना हे कळलं तेव्हा मुदत उलटून खूप काळ गेला होता. उशीर का झाला ते सांगून समितीकडे जायची सोय होती, असं मी त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "ताई, एका दिवसाचा खाडा झाला तर दोन घरची कामं जातात." मला पुढे बोलता आलं नाही.

खोटे दावे झाले म्हणून मुदत हवी होती, असं म्हणतात. असेल. मग आधी दारोदार सांगा आणि नंतर मुदत घाला. ज्यांना सांगितलंच नाही त्यांची मुदत कसली संपवता?

माझ्या यादीत महापालिकेत, नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत काम करणारे तुम्ही बरेच जण आहात. कृपया रागावू नका, पण उत्तर द्या. पुढची साथ आली, किंवा पूर आला, तर स्मशानभूमीचं रजिस्टर आणि मदतीच्या अर्जदारांची यादी कुणीतरी एका टेबलावर शेजारी शेजारी ठेवून ताडून बघणार आहे का? ज्या नावापुढे अर्ज नाही त्या घरी आशाताई किंवा वॉर्डातला कुणी कर्मचारी छापील फॉर्म घेऊन जाईल, तिथेच भरून घेईल, ही व्यवस्था करायला नक्की काय लागतं? घंटागाडीवर भोंगा आहे, रोज सकाळी ओला कचरा सुका कचरा ओरडतो. त्यावर पंधरा दिवस हीच माहिती मराठीत सांगता आली नसती का? मला खरंच जाणून घ्यायचंय, हे कुणाच्या सहीवाचून अडलं होतं?

त्या बाईंचे कागद मी मागवून घेतलेत. इथे कुणी वकील असेल, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात कुणाची ओळख असेल, तर मला मेसेज करा. आता काही होऊ शकतं का, एवढं तरी मला विचारून बघायचंय.