लोणारच्या तळ्याचं पाणी मी आणणार नाही

सुट्टीत लोणारला जायचं ठरलं आणि आत्याचा फोन आला. "येताना तळ्याचं पाणी कॅनमध्ये भरून आण. नातवाच्या इसबाला लावायचंय." नातू चार वर्षांचा. हे कुठून आलं विचारलं, तर तिने मेसेज पुढे ढकलला. मलाच तो आजवर तीनदा आलाय. दावे चार: तळं ज्या खड्ड्यात आहे ते विवर महाभारतातल्या ब्रह्मास्त्राने पडलं आणि नासाने ते मान्य केलं, तिथे होकायंत्र बंद पडतं, २०२० मध्ये पाणी लाल झालं तो कोप, आणि त्या पाण्याने कातडीचा कुठलाही रोग जातो.

शेवटचं आधी घेतो, कारण त्यात लेकराच्या अंगाशी खेळ आहे. तळ्याचं पाणी नुसतं खारट नाही, जबरदस्त अल्कधर्मी आहे. पीएच, म्हणजे आम्ल-अल्कधर्मीपणा मोजायचं माप, १० च्या आसपास. आपल्या कातडीचा असतो ५ च्या जवळपास, आणि ही मोजपट्टी दर अंकाला दहापट चढते. पाण्यात सोडियम कार्बोनेट आहे, म्हणजे आपला धुण्याचा सोडा. तळ्यातून पूर्वी खार काढत, तो यामुळेच. सोड्याच्या पाण्यात कपडे भिजवून पिळल्यावर बोटं कशी खरखरीत होतात, चुरचुरतात, हे आत्याला मी सांगायला नको. इसबाची कातडी आधीच तडकलेली, पोराने रात्री खाजवून खाजवून लाल केलेली. तिच्यावर हे ओतायचं? वर मेसेजात "डॉक्टरची औषधं बंद करा" असंही लिहिलंय. हे लिहिणाऱ्याला जाब विचारायला हवा.

आता ब्रह्मास्त्र. १९७३ साली 'सायन्स' नियतकालिकात लोणारवरचा शोधनिबंध आला. तिथल्या खडकात मॅस्केलिनाइट सापडलं होतं. प्रचंड धक्क्याने खडकातल्या खनिजाची काच होते, ती ही. त्यावरून उल्काघात पक्का झाला. वय? आधीच्या मोजणीत सुमारे ५२ हजार वर्षं, नंतर आर्गॉन पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. यातलं कुठलंही धरा, महाभारताचं युद्ध तिथे बसत नाही. शास्त्रज्ञ इथल्या बेसॉल्टची, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकाची, तुलना चंद्रावरच्या खडकांशी करतात, एवढं खरं. त्याचं "नासाने मान्य केलं" झालं.

मला जास्त लागतं ते वेगळंच. लोणारला स्वतःची कथा आहे. लवणासुराला विष्णूने मारलं, म्हणून गावात दैत्यसूदनाचं देऊळ, देवाच्या पायाखाली आडवा पडलेला दैत्य. काळ्या दगडाच्या त्या बाह्यभिंती इतक्या कोपऱ्या-कोपऱ्यांनी दुमडल्यात की प्रदक्षिणा घालताना पावलागणिक नवी मूर्ती समोर येते. मेसेजात या देवळाचं नावही नाही.

होकायंत्राचं थोडं मान्य करतो. बेसॉल्टमध्ये मॅग्नेटाइट हे चुंबकी खनिज असतं, एखाद्या दगडाजवळ सुई हलेल. तशी ती दख्खनात इतरत्रही हलू शकते.

आणि लाल पाणी? पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले. खारट पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव निघाले, रंगद्रव्य त्यांचं. ते तळाशी बसले की पाणी पुन्हा नितळ.

आत्या, नातवाला या आठवड्यात त्वचेच्या डॉक्टरांकडे ने. लोणारला तूही चल. देऊळ बघू, 'धार' नावाच्या झऱ्यावर जाऊ, तिथलं पाणी गोडं आहे. कॅन मात्र घरीच राहील.