तो उठला, तेव्हा जखमा तशाच होत्या

गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या आईच्या अस्थी घेऊन आम्ही नाशिकच्या रामकुंडावर गेलो होतो. ऑफिसात आमची टेबलं शेजारी-शेजारी, सोळा वर्षांची सोबत. ती 'येशील का' विचारायच्या आधीच मी रजा टाकली होती. गुरुजींचं आटोपलं, कलश रिकामा झाला, तिच्या भावाने तो विसळून घेतला. आम्ही दोघी पायरीवर बसून राहिलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "अगं, तुमच्यात ते पुनरुत्थान म्हणतात, ते म्हणजे आमचा पुनर्जन्मच ना?"

तिथे मी फक्त "नाही गं, वेगळं आहे, सांगते कधीतरी" एवढंच म्हटलं. तिचं दुःख ताजं होतं. पण प्रश्न तिने मनापासून विचारला होता, आणि आमच्या चर्चमध्येसुद्धा कित्येकांना त्याचं धड उत्तर देता येत नाही. परवा पाम संडे झाला, येत्या रविवारी ईस्टर, क्रूसावर मेलेला येशू तिसऱ्या दिवशी उठला, त्या पुनरुत्थानाचा सण. म्हणून आज लिहायला बसले. तिला विचारूनच लिहितेय.

सुरुवात माझ्या पप्पांच्या हातापासून करावी लागेल.

पप्पा सातपूरला एका कारखान्यात पॉवर प्रेसवर होते. १९८९ साली, मी चौथीत असताना, उजव्या हाताची दोन बोटं गेली, तर्जनी आणि मधलं. मशीनला हात आत जाऊ नये म्हणून जाळी असते. ती काढून ठेवलेली होती, कारण जाळी लावली की माल कमी निघतो. वर सुपरवायझरने लिहून दिलं की कामगाराचं लक्ष नव्हतं. जे पैसे मिळाले त्यात आमच्या घराचं एक छप्पर झालं. बस.

त्यानंतर पप्पा शर्टाची बटणं डाव्या हाताने लावायला शिकले. सही बदलली. चर्चमध्ये कोणी हात मिळवायला पुढे आलं की ते डावा हात पुढे करायचे, उजवा खिशात. प्रभुभोजनाच्या दिवशी, म्हणजे चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतात तेव्हा, प्याला मात्र दोन्ही हातांनी धरावा लागायचा, आणि मी बाकावरून बघत असायचे, अंगठा आणि करंगळीशेजारचं बोट यांच्यात तो प्याला कसा घट्ट धरलेला असायचा ते.

दहा वर्षांची असेन. ईस्टरच्या पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी थोमाचा उतारा घेतला होता, उठलेल्या येशूच्या जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा तो शिष्य. घरी येताना मी विचारलं, "पप्पा, पुनरुत्थानात तुमची बोटं परत येतील?" ते सायकल हातात धरून चालत होते. थांबले. म्हणाले, "बघ, प्रभूनं थोमाला काय दाखवलं? हातच दाखवले ना. खिळ्यांचे व्रण तसेच होते. लपवले नाहीत त्यानं." आणि चालू लागले.

मला पुढे पुष्कळ प्रवचनं ऐकायला मिळाली, पण पुनरुत्थानाबद्दल एवढं नेमकं कोणी बोललं नाही.

आता मैत्रिणीच्या प्रश्नाकडे येते. पुनर्जन्मात जीव जुनं शरीर सोडून नवं घेतो. शरीर म्हणजे वस्त्र, जीर्ण झालं की टाकायचं. या विचारात एक मोठी शांती आहे, ती मी रामकुंडावर तिच्या चेहऱ्यावर पाहिली आणि तिचा मला आदर आहे. पण ख्रिस्ती श्रद्धा म्हणते ते हे नाही. ती म्हणते, माणूस म्हणजे शरीरात राहायला आलेला कोणी भाडेकरू नव्हे. माझी आई म्हणजे तिचा आवाज, तिची चाल, भाकरी थापताना तिच्या मनगटाला येणारा तो झोल. उद्या ती गेली आणि देवाने तिला परत द्यायचं म्हटलं, तर तीच आली पाहिजे, दुसरं कोणी नाही.

खरा घोटाळा मात्र आमच्याच घरात आहे. अंत्यविधीला गेलं की हमखास ऐकू येतं, "हे नुसतं कवच आहे, आत्मा प्रभूकडे गेला, आता शरीराचं काय!" ऐकायला बरं वाटतं, पण ही बायबलची शिकवण नाही. आत्मा अमर आहे आणि शरीर ही त्याची कैद आहे, असं प्लेटोच्या ग्रीक परंपरेत मानलं जायचं. येशूचा प्रेषित पौल करिंथच्या ग्रीक मंडळीला पत्र लिहितो तेव्हा त्यांची नेमकी हीच अडचण होती. मेलेली शरीरं उठणार, हे त्यांना पचत नव्हतं. पहिल्या करिंथकरांच्या पत्राचा अख्खा १५ वा अध्याय त्यावर खर्च झालाय. तिथे तो सरळ म्हणतो, ख्रिस्त उठलेला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. 'निदान आत्मा तरी अमर आहे' असा मधला रस्ता तो ठेवत नाही.

आणखी एक. पुनरुत्थान म्हणजे मेलेला माणूस आपल्या जुन्या आयुष्यात परत येणं, असंही नाही. तसं येशूचा मित्र लाजर याचं झालं. बेथानी गावात येशूने त्याला कबरेतून बाहेर बोलावलं, पण लाजर पुढे पुन्हा मेला असणार. येशू मागे परतला नाही, तो मरणाच्या पलीकडे निघाला. म्हणून शुभवर्तमानांत, येशूच्या चरित्राच्या त्या चार पुस्तकांत, तो कधी ओळखू येतो, कधी येत नाही. त्याच्या शिष्येला, मग्दालीया मरीयेला, तो आधी माळी वाटतो. अम्माऊसच्या वाटेवर दोघं शिष्य त्याच्याशी बोलत चालतात, आणि तो भाकर मोडतो तेव्हा कुठे त्यांचे डोळे उघडतात. तरी तो भूत नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो, त्याने शिष्यांसमोर भाजलेली मासळी खाल्ली. आणि त्याच्या अंगावर जखमा आहेत.

या जखमांपाशी मी नेहमी थांबते. देवाला त्या भरून काढणं काय कठीण होतं? ज्याने मरण मागे टाकलं त्याच्या तळहातावरची चामडी सांधता आली नसती? पण नाही. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात तर थेट सिंहासनापाशी जो उभा आहे, तो वधल्यासारखा दिसणारा कोकरा आहे, म्हणजे येशूच. म्हणजे स्वर्गातही त्या खुणा पुसल्या गेल्या नाहीत.

मला त्याचा अर्थ असा लागतो. येशू म्हातारपणाने किंवा आजाराने मेला नाही. रोमी सुभेदार पंतय पिलाताच्या हुकुमाने, रोमी शिपायांनी, शहराच्या वेशीबाहेर त्याला खिळलं. क्रूस ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती. सत्तेने निकाल दिला की हा माणूस संपवण्याच्या लायकीचा आहे. तिसऱ्या दिवशी देवाने तो निकाल फिरवला. आणि फिरवताना पुरावा नष्ट केला नाही. ज्यांनी जखमा केल्या त्यांनी काय केलं, हे त्या अंगावर कायम राहिलं. वेदना गेली, साक्ष राहिली.

म्हणून 'कामगाराचं लक्ष नव्हतं' असं सुपरवायझरच्या त्या कागदावर लिहिलेलं असलं, तरी माझ्यासाठी तो शेवटचा कागद नाही. पप्पांचा हात कसा उठेल ते प्रभूच्या हाती. पण उठेल तो पप्पांचाच हात, आणि त्यांना तो खिशात घालावा लागणार नाही.

आमच्याकडे ईस्टरच्या प्रवचनात द्राक्षबागेचा दाखला ठरलेला. नाशिकच आहे, येणारच. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते, बाग नुसत्या ओलांड्यांवर, म्हणजे जाड फांद्यांवर, उभी राहते, वाळल्या लाकडासारखी, आणि थोड्या दिवसांत डोळे फुटतात, पोपटी पालवी येते. माझे मामा बागायतदार आहेत, मी ते लहानपणापासून बघतेय आणि दरवर्षी जीव हरखतो. पण हा दाखला मला पटत नाही. छाटलेली वेल मेलेली नसते, तिची मुळं जिवंत असतात. ऋतूचं चक्र फिरलं की पालवी येणारच, त्याला विश्वास लागत नाही, पाणी आणि खत लागतं. येशूला खिळल्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवारी, त्याच्या कबरेत मात्र कुठलंच मूळ जिवंत नव्हतं. शिष्य दारं लावून बसले होते, ते उगाच नाही. पहाटे निघालेल्या बायकासुद्धा पालवी बघायला निघाल्या नव्हत्या, प्रेताला लावायला सुगंधी द्रव्यं घेऊन निघाल्या होत्या.

आणि हो, त्या बायकाच. चारही शुभवर्तमानांत रिकाम्या कबरेपाशी पहिल्यांदा पोचतात त्या बायका. त्या काळच्या समाजात बाईच्या साक्षीला फारसं मोल नव्हतं. लूकने तर प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय की प्रेषितांना त्यांचं बोलणं निरर्थक वाटलं. कोणाला गोष्ट रचायचीच असती तर त्याने बायकांना पुढे केलं नसतं.

मैत्रिणीने नंतर जेवणाच्या सुट्टीत आणखी एक विचारलं, "मग आम्ही तर जाळतो. जाळलेल्यांचं काय?" रास्त प्रश्न आहे. रोमन कॅथलिक चर्चने १९६३ साली दहनाला परवानगी दिली, आणि इतर मंडळ्यांतही आता कित्येक जण दहन निवडतात. मातीतही शेवटी माती होतेच, समुद्रात बुडालेल्यांचं काहीच हाती लागत नाही. ज्याने मातीतून माणूस घडवला त्याला राख अडवणार नाही. दफन आम्ही करतो ते देवाची सोय व्हावी म्हणून नाही, त्या देहाचा मान राखावा म्हणून करतो.

या मानावरून आपल्या शरणपूरची एक गोष्ट आठवते. शरणपूर रोडवरून रोज हजारो गाड्या जातात, पण हे ठाऊक असणारे थोडे. १८५४ साली मिशनने वसवलेल्या या वस्तीत, गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं आणून ठेवली जात. तिथल्या शाळेत शिकलेला जेकब वेनराईट पुढे स्कॉटिश मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या मदतीला पाठवलेल्या तांड्यातून आफ्रिकेत गेला. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आजच्या झांबियात वारला, तेव्हा त्याचं हृदय तिथल्या एका झाडाखाली पुरलं आणि दफनाची उपासना वाचली ती या जेकबने. मग देह उन्हात वाळवून, गुंडाळून, तो आणि त्याचे सोबती नऊ महिने पायी चालत समुद्रापर्यंत घेऊन गेले. त्यांना सहज तिथेच सोडून येता आलं असतं. ज्या मुलाचा स्वतःचा देह कधीकाळी विकायचा माल ठरला होता, त्याने दुसऱ्याच्या मेलेल्या देहाला इतकं जपलं. दफनाच्या त्या उपासनेत करिंथकरांच्या पत्राचा तोच १५ वा अध्याय वाचतात. नाशिकच्या शाळेत अक्षरं गिरवलेल्या मुलाच्या तोंडून त्या झाडाखाली ती वाक्यं कशी उमटली असतील, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

मराठीत आपण 'पुनरुत्थान' म्हणतो, शब्द भारदस्त आहे. पण बायबलच्या नव्या करारातलं मूळ ग्रीक क्रियापद फार घरगुती आहे. सकाळी झोपेतून उठणं, तेच. याईर नावाच्या माणसाची बारा वर्षांची मुलगी मेली, घरात रडारड चालली होती, तेव्हा येशूने तिचा हात धरून म्हटलं, मुली, ऊठ. आणि ती उठल्यावर लगेच सांगितलं, हिला काहीतरी खायला द्या. मला हे वाक्य फार आवडतं. आई रोज सकाळी हेच करते, उठवते आणि पुढ्यात काहीतरी ठेवते. पप्पा गेले तेव्हा आम्ही पत्रिकेत 'प्रभूत झोपी गेले' असं छापलं, आपल्यात छापतात तसंच. ही मन राखायची भाषा नाही. ज्याला उठायचंय तोच झोपतो.

आणि शरीर जर उठणार असेल, तर ते आजही महत्त्वाचं आहे. आमच्या मंडळीत उपास-प्रार्थनेला गर्दी होते, ते चांगलंच आहे. पण अंबडच्या, सातपूरच्या कारखान्यांत आजही पोरं जाळी काढलेल्या मशीनवर उभी असतात, त्यांच्याबद्दल आपण व्यासपीठावरून कधी अवाक्षर काढतो का? 'आत्मे वाचवा' म्हणताना बोटंही वाचवा ना. कबरेवर फुलं वाहायची आणि जिवंत हाताकडे पाठ फिरवायची, याला मी ईस्टर म्हणू शकत नाही. हे कोणाला लागलं तर लागू दे.

शनिवारी संध्याकाळी आम्ही नेहमीप्रमाणे कबरस्तानात जाणार, बादली, ब्रश आणि चुना घेऊन. वर्षभराची धूळ आणि पिंपळाची पानं साचलेली असतात, दगडावरची अक्षरं टोकदार काडीने मोकळी करावी लागतात. मम्मीचे गुडघे दुखतात, तरी पप्पांच्या नावावरून ओला फडका तीच फिरवते. रविवारी पहाटे पाचला सगळे पुन्हा तिथेच जमतात. मेणबत्तीचं मेण सांडून त्यात ती उभी करायची, वारा असला तर तळहात आडवा धरायचा. उजाडायच्या आत कोणीतरी म्हणतं, "प्रभू उठला आहे," आणि सगळ्या कबरांमधून उत्तर येतं, "खरोखर उठला आहे."

काल मैत्रिणीने विचारलं, "मी आले तर चालेल?" मी म्हटलं, ये की. पायात धड चप्पल घाल, अंधार असतो आणि तिथे दगडगोटे फार आहेत. तिने विचारलं, फुलं आणू का? म्हटलं, झेंडूची आण, पप्पांना तीच आवडायची.