पाटी लावायची तर नीट लावा ना!

टिळक रत्नागिरीचे, केशवसुत मालगुंडचे, साने गुरुजी पालगडचे. मोठी नावं, त्यांची स्मारकं सांभाळणारे आहेत. जीव जळतो तो कोकणातल्या आळीतल्या साध्या घरांवरच्या, ‘अमुक इथे राहत होते’ सांगणाऱ्या स्मृतिपाट्या बघून. पितळी पाटी आणि तिला साधे लोखंडी स्क्रू! खाऱ्या दमट हवेत हे दोन धातू चिकटले की लोखंड झपाट्याने सडतं, तांबडे ओघळ पाटीभर उतरतात, स्क्रूचं डोकं गळतं आणि पाटी एका कोपऱ्यावर लोंबकळते. अहो, ३१६ ग्रेडचे स्टेनलेस स्क्रू मिळतात की! भिंतीचा जांभा दगड ठिसूळ, सच्छिद्र. त्यात स्क्रूसाठी ठोकायची प्लास्टिकची गिट्टी धरत नाही. भोकातली भुकटी साफ करा, केमिकल अँकर (भोकात घट्ट होऊन स्क्रू धरून ठेवणारा चिकट मसाला) भरा, पाटीमागे सेंटिमीटरभर फट सोडा म्हणजे पावसाचं पाणी निथळेल. पाटी ग्रॅनाइटची असेल तर अक्षरं खोल कोरा, नुसती रंगवू नका.

आणि मजकूर? अनावरण करणाऱ्यांची नावं ठळक, मूळ माणूस बारीक अक्षरांत. तो इथे जन्मला, शिकला की भाड्याने राहिला, कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, याचा पत्ताच नाही! प्रमुख पाहुण्यांची एक ओळ गाळा, दोन सालं आरामात मावतात.