अडुळसा गडग्याला, धूर घरात

पाऊस लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'हा काढा प्या, तीन दिवसांत फुफ्फुसं स्वच्छ' हा मेसेज हजर होतो. यंदा तो माझ्याच मावसभावाने टाकला. त्याला तिथे उत्तर दिलं असतं तर गणपतीत कोणी बोललं नसतं, म्हणून इथे लिहितेय.

मी काढ्याच्या विरोधात नाही. मालवण तालुक्यातल्या आमच्या घराच्या गडग्याला लागून अडुळशाची रांगच आहे. गुरं त्याला तोंड लावत नाहीत म्हणून तो कुंपणाला लावलेला, औषध हा त्याचा जोडधंदा. पानं, सुंठ, चार मिरी, थोडा गूळ, पाणी निम्मं होईपर्यंत उकळायचं. चव अशी की पोरं परसात पळायची. पण झाड खरंच गुणाचं. त्यातल्या वासिसिन या द्रव्यावरून ब्रोमहेक्झिन हे खोकल्याचं औषध तयार झालं, ते १९६३ साली वापरात आलं. खोकल्याच्या बाटलीवर हल्ली दिसणारं अॅम्ब्रोक्सॉल त्याचंच पुढचं रूप. म्हणजे आजीचा काढा आणि मेडिकलमधली बाटली हे लांबचे नातेवाईकच.

पण ही दोघं काय करतात? चिकट कफ पातळ करतात. बाहेर काढायचं काम शरीराचंच. श्वासनळ्यांच्या आत बारीक केसांचं अस्तर असतं, ते रात्रंदिवस कफ घशाकडे ढकलत असतं. धुराने नेमके तेच केस निकामी होतात. मग तुम्ही हंडाभर काढा प्यायलात तरी ढकलणार कोण?

हे मला काकीमुळे कळलं. काकीला सकाळचा खोकला कितीतरी वर्षांचा. कोणी काही बोललं की ठरलेलं उत्तर, "कफ आसा, जातलो." अडुळसा झाला, भाजलेला बेहडा तोंडात धरून झाला, जेष्ठमध झालं. गेल्या पावसात देवळाची घाटी चढताना ती मध्येच बसली, तेव्हा कुठे डॉक्टरकडे नेली. आधी थुंकी तपासली, टीबी नव्हता. मग यंत्रात फुंकायला लावलं. सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन दम लागण्याचा आजार. घरी आल्यावर काकीचा राग आजारावर नव्हताच. "डाक्टर माका इचारता, विडी ओढतास काय!"

विडी नाही ओढली तिने. चाळीस वर्षं चूल फुंकली. पावसात ओली लाकडं, नारळाची सोडणं, झापं, वर कौलांतून धूर निघेल या भरवशावर बसलेलं माजघर. आणि मला राहून राहून वाटतं ते हे, की तिचा अडुळशाचा काढा याच चुलीवर, ती समोर बसून फुंकत असताना उकळायचा.

गॅस आला तरी न्हाणीतली चूल सुटत नाही. काजूची टरफलं जाळणारेही आहेत, त्यांचा धूर तर घशाला नुसता झोंबतो. उन्हाळ्यात शेतात पालापाचोळा जाळायची भाजावळ आहेच. यातल्या एकाबद्दलही ग्रुपवर मेसेज येत नाही. फॉरवर्ड करायला काढा सोपा. न्हाणीची चूल विझवायची तर घरात भांडण.

साध्या सर्दीला काढा घ्या, मीही घेते. पण गरोदर बाईला अडुळसा देऊ नका, तो गर्भाशयावर काम करतो. जेष्ठमध रोज चघळलं तर ब्लडप्रेशर वाढतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको, 'जरासा चाटवायला' सुद्धा नको. कापूर लहान पोरांपासून लांब ठेवा, पोटात गेला तर झटके येतात. वाफ नाक मोकळं करते, फुफ्फुसापर्यंत तिचा फारसा उपयोग नाही, आणि उकळतं पातेलं मांडीवर सांडून भाजलेलं पोर मी पाहिलंय. खोकला दोन आठवड्यांवर गेला, संध्याकाळी कणकण येतेय, वजन उतरतंय, तर अडुळसा राहू द्या कुंपणावर. प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्या. तपासणीही फुकट, टीबीचं औषधही फुकट.

काकीला आता श्वासातून औषध ओढायचा पंप आहे. 'पंपाची सवय लागते' म्हणणाऱ्या तीन बायका येऊन गेल्या, त्यांना मी चहा दिला आणि विषय मिरगाकडे वळवला. काढा ती अजून पिते. गॅसवर करते, माझ्यासमोर. न्हाणीत मात्र कालसुद्धा धूर होता. विचारलं तर म्हणे, "गॅसच्या पाण्यान आंग धुतल्यासारख्या वाटणा नाय."